दीड सेकंदाचा निवाडा

सुरा उगारून चालून येणारा इसम २१ फुटांचे अंतर सुमारे दीड सेकंदात कापतो, असे अमेरिकेतील पोलीस अधिकारी डेनिस ट्युलर यांनी १९८३ साली मांडले. तेवढ्याच अवधीत शिपायाने कमरेचे पिस्तूल उपसून, नेम धरून झाडायचे असते, हे ध्यानी घेतल्यावाचून त्याच्या कृत्याचा न्याय करणे गैर होय. आपला कायदाही प्राणसंकटाची वाजवी भीती असेतोवर आत्मरक्षणार्थ प्राणहरणाची मुभा देतो. परंतु सुरा गळून पडला, इसम जायबंदी होऊन निपचित झाला, की ती मुभा तत्क्षणी संपते. मुंबईतील पोलीस चकमकींच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली चकमकीतील प्रत्येक मृत्यूचा स्वतंत्र तपास आणि दंडाधिकाऱ्यांची चौकशी आवश्यक ठरवली, ते सर्वथा उचित झाले. या चौकशीत हयगय सरकारने मुळीच खपवून घेऊ नये.