घर गावात, काम शहरात

शहरात जागा परवडत नाही म्हणून लहान गावात घर करावे आणि रोज गाडीने शहरात कामाला जावे, हा आता एकट्यादुकट्याचा बेत राहिलेला नाही. मुंबईच्या बाबतीत बोलायचे तर बदलापूर, वांगणी, नेरळ, कर्जत, टिटवाळा, आसनगाव ही गावे याच बेतावर वाढली आहेत. कुळगाव-बदलापूर नगरपालिकेच्या हद्दीत २००१ च्या जनगणनेच्या वेळी लाखाला थोडी कमीच माणसे होती. २०११ च्या जनगणनेत ती पावणेदोन लाखांच्या घरात गेली. दहा वर्षांत एवढी वाढ काही पाळणे हलल्यामुळे होत नसते. ही माणसे बहुतेक मुंबईच्या बाजूने गाडीत बसून आली, आणि रोज सकाळी त्याच गाडीने परत मुंबईकडे जातात.

असे घर घेताना हिशेब साधारणपणे दोन आकड्यांवर होतो. शहरात भाडे किती आणि इथे हप्ता किती. फरक मोठा दिसतो आणि माणूस सामान बांधतो. या हिशेबात तासांचा आकडा धरला जात नाही, हे आमचे सांगणे आहे. कामगार चळवळीत तासांचा हिशेब हा जुना विषय आहे. तेव्हा त्याबद्दल चार गोष्टी सांगितल्या तर श्रोते आगाऊपणा मानणार नाहीत अशी आशा आहे.

पूर्वीची व्यवस्था काय होती ते आधी पाहू. मुंबईचा गिरणी कामगार लालबाग, परळ, डिलाईल रोड, वरळी, नायगाव या भागांत, भोंगा ऐकू येईल इतक्या अंतरावर राहिला. एकेका खोलीत आठ-आठ, दहा-दहा माणसे पाळीपाळीने निजत. आपल्या गावच्या माणसांचा जिव्हाळा हे त्याचे एक कारण होते, पण खरे कारण कामाच्या रीतीत होते. गिरण्यांत बदली कामगारांचा भरणा मोठा असे. बदलीवाल्याने पाळीच्या वेळी फाटकावर येऊन उभे राहायचे. कोणी गैरहजर असला तर त्याच्या जागी आत जायचे, नाहीतर घरी परतायचे. आज काम आहे की नाही हे ज्याला सकाळी फाटकावर गेल्यावर कळते, तो वीस कोसांवर बिऱ्हाड करूच शकत नाही. उधारीचा वाणी, खानावळ, गावकऱ्यांचे मंडळ हे सगळे मग आपोआप त्याच वस्तीत आले. जागा कोंदट होती, नळ आणि संडास सामाईक होते, आणि त्या दिवसांचे गोडवे गाणाऱ्यांपैकी आम्ही नाही. पण घरापासून खात्यापर्यंतचे अंतर पायी दहा-पंधरा मिनिटांचे होते, आणि त्या मिनिटांना किंमत होती.

कारण कामाचे तास कमी करून घेण्यात या देशातल्या कामगारांच्या दोन-तीन पिढ्या गेल्या. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांची सभा भरवून मागण्या मांडल्या, आणि १८९० साली रविवारची सुट्टी पदरात पडली. १९३४ च्या कारखाना कायद्याने बारमाही कारखान्यांत आठवड्याला ५४ तासांची मर्यादा घातली. १९४६ साली ती ४८ वर आली आणि १९४८ च्या कायद्याने दिवसाला ९ व आठवड्याला ४८ तास ही मर्यादा पक्की केली. म्हणजे आठवड्यातले सहा तास कमी व्हायला एक महायुद्ध मध्ये जावे लागले.

आता आजच्या माणसाचा दिवस मोजा. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून बदलापूर सुमारे ६८ किलोमीटर, कर्जत १००, कसारा १२० च्या आसपास. बदलापूरचा माणूस धरला तर घर ते फलाट वीस मिनिटे, गाडीत दीड तास, आणि उतरल्यावर बस किंवा पायपीट वीस मिनिटे. गाडी वेळेवर आली आणि आत शिरता आले, असे धरून जायचे-यायचे मिळून चार तास कुठेच गेले नाहीत. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर शंभर तास. आठ तासांची पाळी धरली तर साडेबारा पाळ्या. वर्षाचे तीनशे दिवस धरले तर बाराशे तास, म्हणजे दीडशे पाळ्या. आठवड्याचे ४८ तास कामाचे आणि २४ तास वाटेचे, मिळून ७२ झाले. १९३४ साली ज्या आकड्याला कायद्याने लगाम घातला, त्याच्याही पुष्कळ पलीकडे आपण आपल्या पायांनी जाऊन पोचलो आहो.

कोणी म्हणेल, तासांचे पैसे करून दाखवा. तेही करू. समजा, एखाद्याची आठ तासांची मजुरी आठशे रुपये आहे. तासाला शंभर. चार तासांचे चारशे, महिन्याचे दहा हजार. शहरातले भाडे आणि इथला हप्ता यांत दहा हजारांहून अधिक फरक पडत नसेल, तर हा व्यवहार तोट्याचा आहे. यावर आमच्या एका जुन्या सहकाऱ्याने विचारले होते की, ते चार तास घरी बसलो तर मला चारशे रुपये देणार कोण? प्रश्न बरोबर आहे. ते तास बाजारात विकले जात नाहीत. ते झोपेतून जातात, मुलाच्या अभ्यासातून जातात, म्हाताऱ्या आईला दवाखान्यात नेण्यातून जातात. वहीत त्यांची नोंद होत नाही, म्हणून ते फुकट आहेत असे वाटते.

हे सगळे घडले कसे, हे समजण्यासारखे आहे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. संपानंतरच्या वर्षांत गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. हाती आलेली रक्कम आणि खोलीची पागडी यांत मुंबईत दुसरी जागा येईना. मग कोणी गावी गेला, कोणी डोंबिवली-कल्याणला, कोणी नालासोपारा-विरारला, आणि पुढे तिथेही भाव चढले तसा बदलापूर-टिटवाळ्याला. काम मात्र हलले नाही. गिरणीच्या जागेवर काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. बाप ज्या फाटकातून पायी आत जात होता, तिथेच मुलगा पहारेकरी किंवा कारकून म्हणून रोज दोन तास प्रवास करून पोचतो, अशी घरे आम्ही मोजू म्हटले तर पुष्कळ मोजता येतील.

हे अंतर जोडले रेल्वेने. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे ३४ किलोमीटरची पहिली गाडी धावली. १८५४ साली ती कल्याणला पोचली. कल्याणला वाट फुटते. एक फाटा कसाऱ्यावरून नाशिककडे, दुसरा कर्जतवरून पुण्याकडे. हे फाटे घाट चढून देशाशी व्यापार करण्यासाठी घातलेले होते. रोज सकाळी लाखो माणसे मुंबईत नेऊन सोडण्याचा विचार तेव्हा कोणाच्या डोक्यात नव्हता. म्हणून कल्याणपर्यंत चार आणि त्याहून अधिक मार्ग झाले तरी पुढच्या फाट्यांवर दीर्घकाळ दोन-दोन मार्गांवरच काम भागवावे लागले. त्याच रुळांवरून लोकल, त्यांवरूनच लांब पल्ल्याच्या गाड्या आणि त्यांवरूनच मालगाड्या. तिसऱ्या-चौथ्या मार्गांची कामे हाती घेण्यात आली, पण वस्ती आधी वाढली आणि रूळ मागून आले, हा क्रम काही बदलला नाही. 'एक गाडी वाढवा' ही मागणी करणे सोपे असते. ती गाडी कल्याणला दोन्ही फाट्यांच्या गर्दीतून वाट काढणार कशी, हा त्यातला खरा अडसर आहे.

या अडचणीवर प्रवाशांनी आपल्यापुरते उपाय काढले आहेत. मुंबईकडे जायचे असताना आधी उलट दिशेची गाडी पकडून शेवटच्या स्टेशनापर्यंत जायचे आणि तीच गाडी परत फिरली की बसल्या जागी बसून राहायचे, याला 'डाऊन करणे' म्हणतात. बसायला मिळावे म्हणून माणूस दिवसातला आणखी अर्धा तास देतो. बायकांच्या डब्यात संध्याकाळी भाजी निवडली जाते. ते पाहून बाहेरच्यांना कौतुक वाटते. आम्हाला त्यात दुसरी गोष्ट दिसते. घरी पोचल्यावर तिची दुसरी पाळी सुरू होणार आहे आणि त्या पाळीचे काम ती वाटेतच सुरू करते आहे.

स्वस्त पासाबद्दलही एक शब्द सांगितला पाहिजे. इंग्लंडात १८८३ साली कायदा करून रेल्वे कंपन्यांना कामगारांसाठी सकाळच्या स्वस्त गाड्या चालवायला लावल्या. हेतू हा की गर्दीच्या वस्त्यांतून मजुराने बाहेर राहायला जावे. आपल्याकडचा मासिक पास हे त्याच जातीचे साधन आहे, आणि तो स्वस्तच राहिला पाहिजे यात शंका नाही. पण त्याचा लाभ एकट्या प्रवाशाला मिळतो असे समजू नये. कामगाराला शहरात घर घेता येईल इतके वेतन देण्याची वेळ मालकावर येत नाही, कारण कामगार साठ मैलांवरून स्वस्तात येतो. दुसरीकडे, महाराष्ट्रात किमान वेतनाचे दर परिमंडळांप्रमाणे ठरत आले आहेत. महापालिकांच्या भागात जास्त, लहान गावांत कमी. दर ठरतो तो कामाच्या जागेवरून. त्यामुळे त्याच कामाचे शहरात चार पैसे अधिक मिळतात आणि गावातल्या गावात काम असले तरी माणूस गाडीच पकडतो.

या सगळ्याचा संघटनेवर झालेला परिणाम आम्हाला जवळून दिसतो. पाळी सुटल्यावर फाटकावर सभा लावली की पूर्वी हजार माणसे उभी राहत. आता भाषण सुरू होते आणि मनगटाकडे पाहणे सुरू होते. सहा वीसची गाडी चुकली की पुढची अर्ध्या तासाने आणि त्यात पाय ठेवायला जागा नाही. माणसे भित्री झाली असे म्हणणारे पुढारी आहेत. ती भित्री झालेली नाहीत, त्यांना घरी जायचे आहे. गावाचीही तीच गत. ज्या गावात ती निजायला येतात तिथल्या पाणीपुरवठ्याच्या बैठकीला, शाळेच्या पालकसभेला, वाचनालयाच्या निवडणुकीला ती नसतात. २०१९ च्या जुलैत उल्हास नदीच्या पुरात वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले. त्या नदीच्या काठाने बांधकामे कुठवर येऊ द्यायची हा प्रश्न नगरपालिकेत ज्या वेळी चर्चेला येतो, त्या वेळी ज्यांच्या घरात पाणी शिरणार ते बहुधा ठाणे आणि कल्याणच्या मध्ये उभे असतात. व्याख्यानमालांची साडेसहाची वेळही काम आणि घर एका हाकेवर असलेल्या लोकांनी ठरवलेली आहे.

आता कायद्याकडे येऊ, कारण वाटेतले तास कोणाचे, या प्रश्नाला तिथे जिवाची किंमत आहे. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर रूळ ओलांडताना, गाडीतून पडून आणि अन्य कारणांनी मिळून २०२४ साली अडीच हजारांच्या आसपास माणसे गेली. कामावर जाताना मेलेला माणूस कामावर होता काय? १९२३ च्या भरपाई कायद्याचे शब्द असे की अपघात नोकरीतून आणि नोकरीच्या ओघात घडलेला हवा. पोरबंदरच्या मिठागराचे कामगार घरी परतताना होडी उलटून बुडाले. १९५८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ती वाट सार्वजनिक होती, म्हणून मालकावर जबाबदारी नाही. पुढे १९६३ साली मुंबईच्या एका बस-चालकाचे प्रकरण आले. जोगेश्वरी डेपोतले काम संपवून तो बेस्टच्याच बसने घरी जात होता. चालकांना त्या बसने जाण्याची सोय कामाच्या गरजेपोटीच दिलेली आहे, असे धरून न्यायालयाने भरपाई मान्य केली. म्हणजे बस मालकाची असली तर हक्क, गाडी सरकारची असली तर नाही, असा अर्थ बरीच वर्षे निघत राहिला.

२०१० साली राज्य विमा कायद्यात दुरुस्ती झाली आणि घर ते कामाची जागा या वाटेवरचा अपघात, वेळ, जागा व परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध दिसत असेल तर, नोकरीतला मानावा असे ठरले. ज्यांना हा विमा नव्हता ते बाहेरच राहिले. मराठवाड्यातला एक साखर कारखान्याचा पहारेकरी २००३ साली पहाटे तीनच्या पाळीला जाताना कारखान्यापासून पाचेक किलोमीटरवर अपघातात गेला. त्याच्या कुटुंबाला उच्च न्यायालयात नकार मिळाला. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि १९२३ च्या कायद्यातल्या शब्दांचाही अर्थ तसाच घ्यावा असे सांगितले. बावीस वर्षे लागली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही वाटेवरच्या अपघाताची तरतूद आहे.

रेल्वेकडचा दावा याहून वेगळा. गाडीतून चुकून पडून मृत्यू झाला तर रेल्वे कायद्याच्या १२४-अ कलमाखाली वारसांना दावा करता येतो. २०१७ पासून ती रक्कम आठ लाख रुपये आहे. अंगावर तिकीट सापडले नाही एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे. तरीही पास काढला की त्याची नक्कल घरी ठेवावी. पास मोबाइलवर असेल तर घरातल्या कोणाला तरी तो पाठवून ठेवावा.

आणि कारखान्याच्या किंवा कार्यालयाच्या दप्तरातला आपला पत्ता एकदा पाहून घ्यावा. आमच्याकडे येणाऱ्या कागदांत हा घोळ नेहमीचा आहे. माणूस दहा वर्षे बदलापूरहून येतो आणि नोंदीत पत्ता मात्र परळच्या चाळीचा किंवा कोकणातल्या गावचा असतो. अपघात अंबरनाथजवळ होतो आणि मग विचारणा होते की, हा गृहस्थ परळला राहणारा, तो सकाळी सहा वाजता अंबरनाथला करत काय होता? तेव्हा घर बदलले की गॅसच्या जोडणीच्या आधी हा पत्ता बदलून घ्यावा, आणि बदलल्याची पोच सहीशिक्क्यानिशी मागून घ्यावी.