दमडी मशीद : दख्खनच्या पाषाणकलेचा मधला दुवा

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथच्या मंदिराचा खालचा, शिल्पांनी भरलेला काळ्या पाषाणाचा भाग यादवकालीन मानला जातो आणि वरचे चुन्याच्या गिलाव्याचे शिखर अहिल्याबाई होळकरांनी केलेल्या जीर्णोद्धारातले सांगितले जाते, त्यामुळे दोन काळांचा सांधा तेथे नुसत्या डोळ्यांनीही ओळखता येतो. या दोन बांधकामांच्या मधल्या शतकांत दख्खनच्या पाथरवटांचा हात कोणत्या वळणाने गेला, हे पाहायचे तर अहिल्याबाईंच्याच जन्मजिल्ह्यात, आज त्यांचे नाव लाभलेल्या अहिल्यानगर शहरात, भुईकोट किल्ल्याच्या परिसरातील दमडी मशिदीकडे वळावे लागते.

निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याने पंधराव्या शतकाच्या अखेरीस हे शहर वसवले आणि त्याचा नातू हुसेन निजामशहा याने किल्ल्याची मातीची तटबंदी दगडात बांधून काढली. पुढे पहिल्या मुर्तजा निजामशहाच्या कारकिर्दीत, 1567-68 च्या सुमारास, साहिर खान या सरदाराने ही मशीद उभारली. लोकांच्या तोंडी मात्र सरदाराचे नाव राहिले नाही. किल्ल्याच्या कामावरील मजुरांनी आपल्या मजुरीतून एकेक दमडी, म्हणजे अगदी हलक्या किमतीचे तांब्याचे नाणे, बाजूला काढून ती बांधली, अशी आख्यायिका रूढ झाली. ज्या भाषेत चमडी आणि दमडीची म्हण कंजूषपणासाठी वापरली जाते, त्याच भाषेच्या मुलखात एका प्रार्थनास्थळाला कष्टकऱ्यांच्या दमडीचे नाव मिळावे, हे त्या आख्यायिकेच्या खरेखोटेपणाहून मोलाचे आहे.

वास्तू आकाराने लहान आहे, आणि तिचे सौंदर्य या लहानपणातच आहे, कारण दर्शनी भागाच्या तीन कमानी, त्यांच्यावरील पुढे आलेली दगडी पागोळी, म्हणजे छज्जा, आणि माथ्यावरचे सडपातळ मिनार हे सारे एका दृष्टिक्षेपात मावते व नजर लगेच कोरीव कामाकडे वळते. मशिदीत सजीवांच्या आकृती कोरत नाहीत. म्हणून छिन्नीचे सगळे कसब वेलबुट्टी, भौमितिक नक्षी आणि अरबी अक्षरांच्या वळणांत उतरले आहे. कठीण दगडातून अक्षराचा फाटा आणि पाकळीची कड उठावदार काढणे हे मूर्ती घडवण्याइतकेच अवघड काम आहे, आणि निजामशाहीतील या कोरीव कामाला महाराष्ट्राच्या शिल्पपरंपरेत मिळायला हवे तितके स्थान अजून मिळालेले नाही.

रचनेचे तत्त्व मात्र बदलले होते. यादवकालीन हेमाडपंती मंदिरात घडीव चिरे खाचा आणि खुंट्यांनी एकमेकांत अडकवून चुन्याशिवाय रचतात आणि छताचा भार आडव्या तुळया खांबांवर उतरवतात, तर कमानीत पाचरीसारखे घडवलेले दगड एकमेकांना रेटून तो भार दोन्ही बाजूंना वळवतात. त्यामुळे खांबांची दाटी कमी होते आणि नमाजाच्या रांगांना मोकळी जागा मिळते. या रांगा ज्या भिंतीकडे तोंड करतात, त्या पश्चिमेच्या भिंतीत मक्केची दिशा दाखवणारा कोनाडा असतो, त्याला मिहराब म्हणतात.