चोक घेण्याआधी बल्बवरचं वाचा



बंदीचे दोन महिने म्हणजे जाळी दुरुस्त करणं, इंजिन उघडणं आणि घरात पडून राहिलेल्या वस्तूंकडे लक्ष जाणं. असाच आपला एक ट्रॉलरमालक सभासद दोन खोकी घेऊन ऑफिसात आला. त्याच्या मुलाने घरी खाऱ्या पाण्याची टाकी केली आहे. तिच्यात हॅचरीत वाढलेली क्लाउन माशांची जोडी आणि एक समुद्रफूल आहे. मुलाचा मामा तारवटी. त्याने अमेरिकेतून 250 वॅटचा वापरलेला मेटल हॅलाइड दिवा चोकसकट आणून दिला.

"सेक्रेटरीबाब, जेट्टीवरचे दिवे तुम्हीच बघता. हा जोडू ना? 230 चे 120 करायला ट्रान्सफॉर्मर पण घेतलाय."

मी म्हटलं, "आधी चोकवरचं लेबल वाचूया."

लेबलवर होतं 120 व्होल्ट, 60 हर्ट्झ. व्होल्टचं काम ट्रान्सफॉर्मर करतो, पण हर्ट्झ तो बदलत नाही. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची. 60 साठी गुंडाळलेला चोक 50 वर लावला की त्याचा अडथळा सहाव्या हिश्शाने कमी होतो आणि बल्बमधून जास्त करंट जातो. चोक तापतो, बल्ब लवकर जातो. आणि हे सगळं मिठाच्या पाण्याच्या टाकीवर, जिथे पोरगा रोज हात घालतो!

आता तुम्ही म्हणाल, टाकीच्या दिव्याचं आम्हाला काय? तर मंडळी, जेट्टीवर ज्या उजेडात आपण रात्री मासळी उतरवतो आणि बायका निवडायला बसतात, तो दिवासुद्धा मेटल हॅलाइडच. दोन्हीकडे चोकचा हिशेब एकच. आणि जेट्टीवर चूक मी स्वतः केलेली आहे. चोक गेला म्हणून दुकानात जाऊन नुसतं "250 वॅटचा द्या" म्हटलं. मिळाला तो मर्क्युरी दिव्याचा. तो साधारण सव्वादोन अँपिअर देतो, आपल्या बल्बला हवे होते 3. दिवा पेटला तो मिणमिणता. पैसे सोसायटीचे गेले आणि बैठकीत उत्तर मला द्यावं लागलं.

म्हणून पहिली गोष्ट: चोक वॅटवर घ्यायचा नाही, बल्बला किती अँपिअर लागतात त्यावर घ्यायचा. पेटलेल्या बल्बमध्ये करंट आपोआप वाढत जातो. त्याला लगाम घालणं हेच चोकचं काम. टाकीवरच्या दोन टोकांच्या 150 वॅटच्या बल्बला 1.8 अँपिअर लागतात, 250 वॅटच्या बल्बला 3. बल्बचं खोकं फेकू नका, आकडा त्यावर असतो. अमेरिकन मालावर एम 58, एम 80 असे नंबर असतात. दोन्ही 250 वॅटचे, पण बल्ब वेगळे. बल्बचा आणि चोकचा नंबर जुळला पाहिजे.

दुसरी गोष्ट, इग्नायटर. बल्ब पेटवायला तो काही हजार व्होल्टचा झटका देतो. काही इग्नायटर बल्बच्या जवळच लावावे लागतात, काहींना लांब वायर चालते. किती मीटर, ते लेबलवर असतं. चोक टाकीपासून लांब ठेवायचा असेल तर हे आधी बघा. बल्ब मेला तरी साधा इग्नायटर झटके मारत राहतो, म्हणून ठरावीक वेळाने आपोआप बंद होणारा घ्या. वीज जाऊन लगेच आली तर गरम बल्ब दहा-पंधरा मिनिटं पेटत नाही. तो बिघाड नव्हे, थंड होऊ द्या. पावसात वीज ये-जा करते तेव्हा हे लक्षात ठेवा.

तिसरी गोष्ट, कपॅसिटर. हा नसला तरी दिवा लागतो, म्हणून वायरमन कधी कधी गाळतात. पण 250 वॅटचा दिवा कपॅसिटरशिवाय लाइनमधून 3 अँपिअर ओढतो, योग्य कपॅसिटर लावला तर साधारण दीड. जेट्टीवरचा जनरेटर चार दिव्यांत का दमतो, त्याचं उत्तर इथे असू शकतं. स्विच बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज राहते, हात लावू नका.

लोखंडी चोक की इलेक्ट्रॉनिक? लोखंडी जड, तापतो, गुणगुणतो, पण टिकतो आणि दुरुस्त होतो. इलेक्ट्रॉनिक हलका, वीज थोडी कमी खातो, उजेड थरथरत नाही. पण खारी हवा आत शिरली की त्याचं सर्किट गंजतं. जेट्टीवर मी लोखंडीच ठेवीन. घरात, कोरड्या खोलीत, इलेक्ट्रॉनिक चालेल. एक मात्र खरं, चोक बदलला की त्याच बल्बचा उजेड आणि रंग बदलतो. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटीचे प्राध्यापक संजय जोशी यांनी बल्ब आणि चोकच्या जोड्या मोजून हेच दाखवलं आहे. समुद्रफुलाच्या अंगात शैवाल असतं, ते उजेडावर जगतं आणि त्याला पोसतं. म्हणून चोक बदलला तर पहिले दिवस दिवा दोन-तीन तासच लावा, मग हळूहळू वाढवा.

आता जिवाची बाब. दोन टोकांच्या बल्बपुढची काच कधीही काढू नका, ती अतिनील किरण अडवते. डोळे आणि कातडी भाजते. अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा ईएलसीबी हवाच. वायर प्लगच्या खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे पाणी ओघळून प्लगमध्ये जाणार नाही. टायमरच्या बारीक स्विचवर थेट भार टाकू नका, कॉन्टॅक्टर लावा.

नवीन दिवा घेणार असाल तर मी एलईडीच सांगेन. 250 वॅटचा हा दिवा चोक धरून साधारण 275 वॅट खातो. रोज आठ तास म्हणजे महिन्याला 66 युनिट. शिवाय टाकीचं पाणी तापतं, ते वेगळं. हातात आलेला चांगला दिवा वाया घालवू नये, एवढ्यासाठीच हा उपद्व्याप.

आणखी दोन गोष्टी स्पष्ट सांगतो. टाकीसाठी ग्रँड आयलंडवरून किंवा जाळ्यात आलेला प्रवाळाचा तुकडा घरी आणू नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळ संरक्षित आहेत. आणि हा लेख दिवे लावून मासेमारी करण्यासाठी नाही. केंद्र सरकारने नोव्हेंबर 2017 मध्ये तिच्यावर बंदीचा आदेश काढला आहे, आणि त्या मासेमारीने रापणकाराचं आणि छोट्या होडीवाल्याचं पोट मारलं जातं हे आपण सगळे जाणतो.

त्या सभासदाने दिवा आणि बल्ब ठेवला, अमेरिकन चोक आणि ट्रान्सफॉर्मर बाजूला काढला. 3 अँपिअरचा चोक, इग्नायटर, कपॅसिटर इथलाच घेतला आणि परवाना असलेल्या इलेक्ट्रिशियनकडून जोडून घेतला. रविवारी दिवा लागला. मुलाने मला फोटो पाठवला, मासे समुद्रफुलात घुसून बसलेले.

तुमच्याकडे असा परदेशातून आलेला दिवा पडून असेल तर बल्ब आणि चोक दोन्हींच्या लेबलचे फोटो काढून ऑफिसात आणा. प्लगमध्ये घालण्याआधी आणा, नंतर नको.

आपला,
सेक्रेटरी