दोनशे सहासष्ट रुपयांचं पोतं

दोस्तांनो, खताच्या दुकानात कधी गेला आहात का? खेड्यातली मुलं हसतील या प्रश्नाला. पण शहरातल्या कितीजणांनी युरियाचं पोतं जवळून पाहिलंय? एका पोत्यात ४५ किलो युरिया असतो आणि त्याची किंमत असते २६६ रुपये ५० पैसे. करा पाहू भागाकार. किलोला सहा रुपयेसुद्धा पडत नाहीत! वाण्याकडे साध्या मिठाच्या पुडीलाही याहून जास्त पैसे मोजावे लागतात.

युरिया काही समुद्राच्या पाण्यातून फुकट मिळत नाही. तो नैसर्गिक वायूपासून बनतो. अलिबागजवळ थळला त्याचा मोठा कारखाना आहे. वायू महाग, त्यातला बराचसा परदेशातून आणावा लागतो. त्यामुळे एक पोतं बनवायला २६६ रुपयांच्या कितीतरी पट खर्च येतो. मधला फरक केंद्र सरकार भरतं. दुकानदार आपल्या यंत्रावर शेतकऱ्याचा अंगठा घेतो, पावती फाडतो, त्या विक्रीची नोंद दिल्लीपर्यंत जाते आणि मग सरकार खत कंपनीला पैसे देतं. यालाच म्हणायचं अनुदान, किंवा सगळे बोलतात तसं, सबसिडी.

म्हणजे बघा, अनुदान मिळालं शेतकऱ्याला, पण पैसे गेले कंपनीला. यात लबाडी नाही, ही पद्धतच आहे. पण ‘शेतकऱ्यांना सरकार इतकं देतं, मग ते गरीब कसे?’ असं कुणी विचारलं, तर हे पोतं आठवायचं.

या स्वस्ताईची एक गंमतही आहे, थोडी कडवट. २०१० पासून स्फुरद आणि पालाश असलेल्या खतांना अनुदानाचा वेगळा हिशेब लागू झाला, युरियाचा भाव मात्र सरकारनं बांधूनच ठेवला. त्यामुळे डीएपीचं ५० किलोचं पोतं १,३५० रुपयांना आणि युरियाचं २६६ ला! शिवाय युरिया टाकला की चार दिवसांत पीक कसं हिरवंगार दिसतं. मग जरा जास्तच टाकला जातो. नुसतं गोड खाऊन जशी तुमची वाढ होणार नाही, तसंच जमिनीचं आहे. तिला सगळं लागतं.

आता आपल्या महाराष्ट्रातलं शेतकरी कुटुंब महिन्याला किती कमावतं ते पाहू. २०१८-१९ साली सरकारनं देशभर पाहणी केली. त्यात महाराष्ट्रातल्या शेतकरी कुटुंबाचं सरासरी उत्पन्न निघालं महिन्याला ११,४९२ रुपये. एका माणसाचं नव्हे बरं का, अख्ख्या घराचं. पंजाबात हाच आकडा होता २६,७०१ आणि देशाची सरासरी होती १०,२१८.

या १०,२१८ रुपयांची फोड केली की खरी आश्चर्याची गोष्ट कळते. पिकांपासून मिळाले ३,७९८ रुपये आणि मजुरी किंवा पगारातून ४,०६३. म्हणजे शेतकऱ्याच्या घरात शेतीपेक्षा मजुरीचा पैसा जास्त! बाकीचा भार गाईम्हशी, शेळ्या आणि छोट्यामोठ्या धंद्यांवर.

पंजाब पुढे का? तिथे पाणी भरपूर आणि गहू-तांदूळ सरकार हमीभावानं विकत घेतं. आपल्याकडे बहुतेक शेती पावसावर. वर जमिनीचे तुकडे पडत गेले. १९७०-७१ मध्ये महाराष्ट्रात एका शेतकऱ्याकडे सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती, २०१५-१६ मध्ये राहिली १.३४ हेक्टर. म्हणजे जेमतेम सव्वातीन एकर. आजोबांची जमीन मुलांत वाटली, मुलांची नातवंडांत. जमीन काही ताणून लांब होत नाही.

एवढ्या जमिनीवर घर चालत नाही म्हणून सरकारनं थेट बँक खात्यात पैसे टाकायला सुरुवात केली. २०१९ पासून केंद्राची ‘पीएम किसान’ योजना आहे, वर्षाला ६,००० रुपये, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत. २०२३ मध्ये राज्यानं ‘नमो शेतकरी महासन्मान निधी’ आणून आणखी ६,००० रुपयांची भर घातली. झाले वर्षाचे १२,०००.

आता पाटी-पेन्सिल घ्या. समजा, एका घरानं तीन एकरांत सोयाबीन पेरलं आणि एकरी आठ क्विंटल पीक आलं. एकूण २४ क्विंटल. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ रुपये. पण बाजार समित्यांत त्या हंगामात अनेकांना चार ते साडेचार हजारांच्या मधेच भाव मिळाला. आपण ४,२०० धरू. क्विंटलमागे ६९२ रुपये कमी. २४ ने गुणा. १६,६०८ रुपये! सरकारनं वर्षभरात जे १२,००० दिले, त्याहून जास्त एका फेरीत बाजारात राहून गेले. सरकारी खरेदी केंद्रं होती, नाही असं नाही. पण तिथे नोंदणी करा, माल वाळवा, नंबर लागेपर्यंत थांबा. दुकानदाराची उधारी आणि पोरांची फी कुठे थांबते?

विजेचंही असंच. २०२४ पासून राज्यात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीजबिल नाही. ऐकायला छान. पण ज्याच्याकडे विहीरच नाही, पंपच नाही, त्याला या फुकट विजेचा काय उपयोग? ज्याच्याकडे आहे, त्याचीही पाळी ठरलेली असते, काही दिवस दिवसा वीज तर काही दिवस रात्री. जुन्नरकडच्या मुलांना विचारा, बिबट्याच्या मुलखात रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन उसाला पाणी द्यायला बाबा निघाले की घरात कुणाला झोप लागते ते. म्हणूनच सौर पंपाला इतकी मागणी आहे. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्यानं किमतीच्या फक्त दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांनी पाच टक्के. सूर्य काही रात्रपाळी करत नाही, त्यामुळे पाणी दिवसाच द्यायचं!

सगळी अनुदानं अशी फसलेली असतात असं मात्र समजू नका. १९९० साली महाराष्ट्रानं एक फार हुशारीची योजना काढली. रोजगार हमीच्या कामाला फळबाग लागवड जोडली. खड्डे खणायचे, कलमं लावायची, पाणी घालायचं, आणि त्याचा पैसा शेतकऱ्याला स्वतःच्याच शेतात मिळायचा. कोकणात आंबा-काजू, सोलापूरकडे डाळिंब-बोर असं माळरानांचं रूप पालटलं. अशा योजनेची खुबी हप्त्यांत असते. २०१८ मध्ये सुरू झालेल्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजनेत अनुदान पहिल्या वर्षी ५० टक्के, दुसऱ्या वर्षी ३० आणि तिसऱ्या वर्षी २० टक्के असं येतं, तेसुद्धा पुरेशी झाडं जगली तरच. म्हणजे पैसा कागदाला नाही, जिवंत झाडाला! मला विचाराल तर खात्यात टाकलेल्या पैशांपेक्षा ही तऱ्हा जास्त चांगली. झाड तीस वर्षं उत्पन्न देतं.

ठिबक सिंचनालाही राज्यात छोट्या शेतकऱ्याला खर्चाच्या ८० टक्क्यांपर्यंत आणि इतरांना ७५ टक्क्यांपर्यंत अनुदान ठरवलेलं आहे. पण इथे एक मेख आहे. आधी अर्ज, मग पूर्वसंमती, मग स्वतःच्या खिशातून नळ्या घ्यायच्या, बिल जोडायचं, अधिकारी शेतात येऊन पाहणार आणि नंतर पैसे खात्यात येणार. ज्याच्याकडे आधी खर्च करायला पैसे आहेत त्याला हे सोपं. ज्याला खरी गरज, तो सावकाराकडे नाही तर दुकानदाराकडे हात पसरतो.

आणि सगळ्या अर्जांना लागतो तो सातबारा. जमीन कुणाच्या नावावर आहे हे सांगणारा कागद. दुसऱ्याचं शेत बटाईनं करणाऱ्याचं नाव त्यावर मालक म्हणून नसतं, मजुराचं तर नाहीच नाही. खुरपणी, कापूस वेचणी, भाताची लावणी या कामांत बायांचेच हात जास्त असतात. पण सातबाऱ्यावर नाव बहुधा बाबांचं, काकांचं, नाही तर वारलेल्या आजोबांचं. तुमच्या घरी शेती असेल तर आज संध्याकाळी तो कागद मागून घ्या. राज्य सरकारच्या संकेतस्थळावरही तो पाहता येतो. आईचं किंवा आजीचं नाव त्यात सापडतं का, तेवढं शोधा.