कापलेले दोर आणि उघडे दार

पोलादपूर तालुक्यातील उमरठ या गावी तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे. ४ फेब्रुवारी १६७० रोजी कोंढाण्यावर ते पडले आणि त्यांचा देह घाट उतरून या आपल्या गावी आणला गेला. त्या रात्रीची जी हकीकत महाराष्ट्रात घरोघर सांगितली जाते, तिच्यातील एका तपशिलापाशी मन अडखळते: सरदार पडलेला पाहून मावळ्यांचे पाय मागे फिरू लागले, तेव्हा कड्यावरचे दोर कापून टाकल्याचे तानाजींचे बंधू सूर्याजी यांनी त्यांना बजावले, आणि मगच ती फौज उलटून लढली. ज्या निष्ठेचे आपण पोवाडे गातो, तिलाही परतीची वाट बंद असण्याचे साह्य घ्यावे लागले तर!

संगणकावरील आणि आता मोबाइलवरील चर्चागटांत कापावयास असा दोरच नसतो. ज्याला जायचे त्याने बोटाने एक कळ दाबावी आणि निघून जावे, असा तेथील शिरस्ता आहे; 'ग्रुप सोडला' अशी जी एक ओळ पूर्वी सर्वांना दिसे, तीही चार दिवसांनी वर सरकून दिसेनाशी होई. वतन नाही, शपथ नाही, पगार तर नाहीच. अशा ठिकाणी माणसे वर्षानुवर्षे का टिकतात, याचे उत्तर शोधू जाता ते बहुधा एका क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीत सापडते. ती म्हणजे तेथे आपणाशी कोण कसे बोलले.

हा अनुभव या माध्यमाच्या जन्माइतकाच जुना आहे. १९७९-८०च्या सुमारास अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात दोन विद्यार्थ्यांनी 'यूजनेट' नावाची चर्चाव्यवस्था उभी केली. दर सप्टेंबरात विद्यापीठांतून नवे विद्यार्थी तेथे येत, काही दिवस गोंधळ घालीत, आणि जुन्या मंडळींच्या सहवासात तेथील रीतिरिवाज शिकून स्थिरावत. पुढे १९९३च्या सुमारास व्यापारी कंपन्यांनी आपल्या ग्राहकांस सरसकट प्रवेश दिला, तेव्हा नवागतांचा लोंढा इतका अखंड सुरू झाला की त्यांना शिकविण्यास उसंतच उरली नाही; जुने लोक विषादाने म्हणू लागले की तो सप्टेंबर महिना संपलाच नाही. ऑक्टोबर १९९५मध्ये या शिष्टाचाराचा एक लेखी मसुदाही प्रसिद्ध झाला. गटात काही लिहिण्यापूर्वी महिना-दोन महिने नुसते वाचावे, आणि संतापाचे उत्तर रात्रभर ठेवून मग पाठवावे, ही त्यातील दोन कलमे आजही कोणत्याही गावकीच्या बैठकीत बिनतक्रार मंजूर व्हावीत अशी आहेत.

मराठी माणसांचा असा पहिला मोठा अड्डा म्हणजे १९९६च्या गणेशचतुर्थीस अमेरिकेतून सुरू झालेली 'मायबोली'. तेथे तंटेबखेडे झाले नाहीत असे मुळीच नाही. मराठी माणसे जमली आणि वाद झाला नाही, असे कोणी सांगितल्यास मी तरी विश्वास ठेवणार नाही. परंतु गणेशोत्सव, दिवाळी अंक, प्रत्यक्ष भेटीची 'गटग' यांतून तेथे एक बिरादरी निर्माण झाली, आणि न लिहिता नुसते वाचणाऱ्यालाही 'रोमात असलेला' म्हणून सभासदाचा मान मिळाला.

आता हीच वहिवाट महाड-पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांपर्यंत पोहोचली आहे. या डोंगराळ मुलखातील घरटी एक तरी माणूस मुंबईस चाकरमानी असायचाच, आणि त्यांची ग्रामस्थ मंडळे चाळीतल्या खोलीत बसून देवळाच्या वर्गणीपासून पालखीपर्यंतचा कारभार चालवीत. आज तो कारभार व्हॉट्सअ‍ॅपवर चालतो. तेथील एखादी सकाळ पाहावी. पहाटे कोणी आजी वारल्याची वार्ता येते. तिच्याखाली हात जोडल्याच्या चित्रांची रांग लागते. त्या रांगेत मधूनच एक गुलाबाचे फूल 'शुभ सकाळ' म्हणत उगवते, त्यामागून कोणाच्या चिरंजीवांच्या वाढदिवसाचा केक येतो, आणि अंत्यविधी किती वाजता हे विचारणाऱ्या बिचाऱ्याचा प्रश्न या गर्दीत बुडून जातो. यात दुष्टावा कोणाचाच नसतो. मात्र आपल्या आधी कोण काय बोलले ते वाचण्याचे कष्ट कोणीच घेतलेले नसतात. आणखी वाईट प्रकार म्हणजे नवख्याने पोलादपूरहून शेवटची एसटी केव्हा असे विचारावे, आणि 'गावचा असून एवढेही ठाऊक नाही?' असा शेरा मिळावा. तो मनुष्य गट सोडीत नाही, भावकीची भीड असते. पण तो पुन्हा तोंड उघडीत नाही. मुक्या सभासदांची संख्या म्हणजे निष्ठा, असा हिशेब कारभाऱ्यांनी मांडू नये.

निष्ठेचे दुसरे विपरीत रूप याहून भयंकर आहे. आपल्या माणसाने पाठविले म्हणजे खरेच असणार, या आंधळ्या विश्वासाने मुले पळविणाऱ्या टोळ्यांची अफवा हातोहात पसरली, आणि १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भिक्षेकरी समाजाच्या पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅप कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडण्याची मर्यादा घातली. आपल्या गटातील वडीलधाऱ्यास 'काका, हे कोठून आले?' असे नम्रपणे विचारणे आपल्याकडे उद्धटपणात जमा होते; माझ्या मते चर्चागटातील सर्वांत मोठा शिष्टाचार तोच आहे.

हे विचारण्याचे काम एकट्या अ‍ॅडमिनवर ढकलून चालत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१मध्ये निर्वाळा दिला की, समान हेतू सिद्ध झाल्यावाचून सभासदाच्या आक्षेपार्ह मजकुरास अ‍ॅडमिन जबाबदार धरला जाणार नाही, कारण कोण काय लिहील हे त्याला आधी कळू शकत नाही. सभासद घेणे आणि काढणे एवढाच त्याचा अधिकार, असे न्यायालयाने तेव्हा म्हटले होते. तेव्हा अ‍ॅडमिन मंडळींस माझी विनंती एवढीच की, कोणास गटातून काढण्याची वेळ आलीच, तर चारचौघांत फर्मान सोडण्यापूर्वी त्याला एकदा फोन करावा.