परसातील कोंबड्यांची प्रथमोपचार पेटी

खेडेगावातील ज्या घरी शेत नाही, गाय-म्हैस नाही, त्या घराच्या परसातही पुष्कळदा चार कोंबड्या असतात. दिवसभर उकिरड्यावर व कुंपणाच्या कडेने वेचून त्या आपले पोट भरतात, तिन्हीसांजेला खुराड्यात परततात आणि घरच्या बाईच्या हाती अंड्यांचे दोन पैसे ठेवतात. मुलाची वही-पेन्सिल अनेकदा ह्याच पैशांतून येते. म्हणून कोंबडी दगावणे ही गोष्ट बाहेरून क्षुल्लक दिसली, तरी त्या घराला ती क्षुल्लक नसते. शिक्षकाचा गावातील बहुतेक घरांशी मुलांच्या द्वारे संबंध येतो. सबब ह्या विषयाची माहिती करून घेणे व ती घरोघर पोचविणे त्याला सहज शक्य आहे.

कोंबड्यांवर येणारी संकटे दोन प्रकारची असतात. मांजराने धरणे, काटेरी तारेत पाय अडकणे, उन्हाचा ताव लागणे, अंडे अडणे ही एकट्यादुकट्या पक्ष्यावरची संकटे होत. त्यांत घरच्या घरी काही करता येते. दुसरा प्रकार साथीचा. त्यात घरगुती उपचार चालत नाही. पक्षी वेगळा काढणे व तत्काळ वर्दी देणे एवढेच आपल्या हाती असते. ह्या दोहोंतील भेद ओळखता आला म्हणजे पेटीचे निम्मे काम झाले.

पेटीत काय असावे

झाकणाचा पत्र्याचा किंवा प्लास्टिकचा डबा पुरेसा आहे. त्यात पुढील वस्तू ठेवाव्यात :

(१) धुऊन कडक उन्हात वाळविलेल्या जुन्या सुती कापडाच्या घड्या व पट्ट्या.
(२) पोव्हिडोन आयोडीनची लहान बाटली.
(३) मीठ व चहाचा चमचा. अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक सपाट चमचा मीठ विरघळविले की जखम धुण्याचे पाणी तयार होते.
(४) कोरडी, स्वच्छ हळदपूड.
(५) व्हॅसलीन.
(६) बोथट टोकाची कात्री व चिमटा.
(७) ड्रॉपर.
(८) रबरी किंवा प्लास्टिकचे हातमोजे, तोंडावर बांधावयाची पट्टी व साबण.
(९) एक वही व पेन्सिल.

डब्यात न मावणारी, परंतु सर्वांत महत्त्वाची वस्तू म्हणजे एक रिकामे डालगे. तांबडा रंग दिसला की कोंबड्या तेथे टोचतात. जखमी कोंबडी कळपात राहिली, तर तिच्याच सोबतिणी तिची जखम वाढवितात, प्रसंगी तिचा जीवही घेतात. म्हणून प्रथम ती वेगळी डालावी, औषधाचा विचार नंतर करावा.

पक्षी कसा धरावा

माणसाच्या छातीत व पोटात जो श्वासपटलाचा पडदा असतो, तो कोंबडीला नसतो. तिचे उरोस्थी, म्हणजे छातीचे हाड, खालीवर होते तेव्हाच तिचा श्वास चालतो. भीतीपोटी मूल कोंबडीला छातीशी घट्ट आवळते, तेव्हा ती गुदमरण्याचा संभव असतो. एक हात पोटाखाली घालून पाय बोटांत धरावेत, दुसरा हात पंखांवर ठेवावा आणि छाती मोकळी सोडावी. डोळ्यांवर फडके टाकले की पक्षी शांत होतो.

कोंबडीचे अंग हाताला नेहमीच गरम लागते. तिचे स्वाभाविक तापमान ४१ ते ४२ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. त्यामुळे केवळ स्पर्शावरून ‘ताप आला’ असा निष्कर्ष काढू नये.

नेहमीचे प्रसंग

जखम : रक्त वाहत असल्यास घडी केलेले कापड काही मिनिटे न उचलता दाबून धरावे. नख तुटून रक्त येत असेल, तर टोकावर हळद दाबावी. रक्त थांबल्यावर मिठाच्या पाण्याने जखम धुवावी, तिच्यात चिकटलेली पिसे कातरावीत आणि पोव्हिडोन आयोडीनमध्ये पाणी घालून फिक्या चहासारखा रंग आल्यावर ते लावावे. मांजराच्या किंवा कुत्र्याच्या दाताची जखम वरून लहान दिसते; आत मात्र ती खोल असते व लौकर सडते. अशा वेळी, तसेच जखमेत किडे पडल्यास, पशुवैद्यकाकडेच जावे.

उष्मा : कोंबडीला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकणे हाच तिचा अंग निवविण्याचा उपाय. वैशाखात ती पंख पसरून धापा टाकू लागली, तर तिला सावलीत व वाऱ्याला न्यावे, पाय साध्या गार पाण्यात भिजवावेत आणि पाणी समोर ठेवावे. बर्फाच्या पाण्यात बुडवू नये. पिण्याच्या पाण्यात थोडा गूळ चालतो. मीठ मात्र स्वतःच्या अंदाजाने घालू नये, कारण अधिक मीठ पक्ष्यांना विषासमान होते.

अंडे अडणे : कोंबडी शेपूट खाली टाकून वारंवार जोर करते, परंतु अंडे येत नाही. तिला पंधरा-वीस मिनिटे सोसवेल अशा कोमट पाण्यात बसवावे, गुदद्वाराशी व्हॅसलीन लावावे आणि अंधाऱ्या, उबदार जागी एकटी ठेवावी. पोट दाबून अंडे फोडू नये. फुटलेल्या कवचाने आतून इजा होते. काही तासांत अंडे न आल्यास दवाखाना गाठावा.

गारठलेली पिले : पहिल्या आठवड्यात पिलांना सुमारे ३२ ते ३५ अंश सेल्सिअस उबेची गरज असते. बाटलीत गरम पाणी भरून ती फडक्यात गुंडाळावी व पिलांशेजारी ठेवावी. ऊब येण्यापूर्वी त्यांना भरवू नये.

उवा व गोचीड : कोरडी माती व चाळलेली लाकडाची राख एका खड्ड्यात ठेवली की कोंबड्या आपण होऊन धूळस्नान करतात. काही किडी दिवसा खुराड्याच्या फटींत दडतात व रात्री रक्त पितात. सबब फटींत उकळते पाणी ओतून त्या वाळल्यावर चुना लावावा. त्या वेळी कोंबड्या अर्थातच बाहेर काढाव्यात. शेतात फवारावयाचे कीटकनाशक किंवा रॉकेल कोंबडीच्या अंगाला कदापि लावू नये.

ड्रॉपर वापरताना थेंब चोचीच्या कडेला सोडावा व तिला तो आपण होऊन गिळू द्यावा. श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच असल्याने जबरीने ओतलेले पाणी थेट फुप्फुसात जाते.

पेटीत काय नसावे

माणसांसाठी आणलेल्या व उरलेल्या प्रतिजैविक गोळ्या पेटीत ठेवू नयेत. त्यांचे प्रमाण आपणास ठाऊक नसते, त्यांचा अंश अंड्यांत उतरतो, आणि विषाणूंच्या रोगावर त्यांचा उपयोग मुळीच होत नाही.

साथीची चिन्हे

अनेक पक्षी एकदम मलूल होणे, हिरवट पातळ विष्ठा, श्वासाला घरघर, पंख गळणे, मान वाकडी होणे, अथवा काहीच न होता पटापट मरणे, ही साथीची लक्षणे होत. मान मुरगळते म्हणून आपल्याकडे ज्या रोगास मानमोडी म्हणतात, तोच राणीखेत रोग. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात कुमाऊँच्या डोंगरातील राणीखेत येथे तो आढळला, त्यावरून हे नाव पडले. संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत २ ते १५ दिवस जाऊ शकतात. म्हणून बाजारातून आणलेली कोंबडी वरून धडधाकट दिसली, तरी तिला तीन आठवडे वेगळीच डालावी. ह्या रोगावर औषध नाही, लस आहे. लसीची बाटली एकाच वेळी पुष्कळ पक्ष्यांना पुरते, ती थंड ठेवावी लागते, व एकदा विरघळविली की थोड्याच वेळात संपवावी लागते. एकट्या घराला ती परवडत नाही. पण वस्तीने एक दिवस ठरविला, तर सर्वांचेच काम होते.

बर्ड फ्ल्यूची चिन्हेही अशीच असू शकतात. भारतात हा रोग प्रथम फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे आढळला. तो माणसासही होऊ शकतो. म्हणून अनेक पक्षी मेल्यास मुलांना जवळ फिरकू देऊ नये, मेलेले पक्षी कापू अथवा खाऊ नयेत, ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकू नयेत, उरलेले घाईने बाजारात विकू नयेत. ग्रामपंचायतीस व नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास लगेच कळवावे. पशुपालकांसाठी १९६२ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांकही आहे. अशी वर्दी देणे हे २००९ च्या प्राण्यांतील सांसर्गिक रोगांविषयीच्या केंद्रीय कायद्याने पक्षी पाळणाऱ्याचे कर्तव्यच ठरविले आहे. नुकसानीच्या भीतीने लोक ही गोष्ट दडवू पाहतात. परंतु कोंबडे झाकले म्हणून उजाडावयाचे राहत नाही. दडविलेली साथ दोन दिवसांनी शेजारच्या खुराड्यात दिसते.

शाळेत काय करता येईल

वरच्या वर्गातील मुलांकडून पेटीतील वस्तूंच्या नावांच्या चिठ्ठ्या लिहून घ्याव्यात. मिठाच्या पाण्याचे प्रमाण गणिताच्या तासाला काढता येईल. आयोडीन व कात्री मात्र शिक्षकाच्या कपाटात असावी. कोंबडीस हात लावल्यावर साबणाने हात धुण्याची सवय प्रत्येक मुलास लावावी. वहीत तारीख, घर, लक्षण, केलेला उपाय व परिणाम एवढे पाच रकाने पुरेत. आज एका घरी, उद्या लगतच्या घरी तेच लक्षण लिहावे लागले, तर साथीचा संशय घेण्यास ती नोंद पुरेशी आहे. पशुवैद्यकास प्रथम ती वही दाखवावी. कोणत्या घरापासून चौकशी सुरू करावयाची हे त्याला तिच्यावरून कळते, आणि उरलेली खुराडी वाचविण्यास अवधी मिळतो.