सार्जंट विल्यम कार्नी (१८४०–१९०८)

जन्म व्हर्जिनियातील नॉरफोकचा, गुलामगिरीत. अमेरिकी यादवी युद्धात (१८६१–६५) उत्तरेच्या बाजूने लढलेल्या ५४व्या मॅसॅच्युसेट्स या कृष्णवर्णीय पलटणीत १८६३ साली भरती.

फोर्ट वॅग्नर, साउथ कॅरोलिना, १८ जुलै १८६३ : पलटणीने दक्षिणेच्या या किल्ल्यावर हल्ला चढवला. निशाणधारी शिपाई कोसळला. कार्नी यांनी निशाण उचलून थेट तटापर्यंत नेले. पलटण मागे हटली, तेव्हा अनेक गोळ्या लागूनही ते परत आणले; जमिनीला टेकू दिले नाही. पलटणीचे प्रमुख कर्नल रॉबर्ट गूल्ड शॉ याच हल्ल्यात ठार झाले.

मेडल ऑफ ऑनर : अमेरिकेचा सर्वोच्च लष्करी सन्मान. कार्नींना तो मिळाला २३ मे १९०० रोजी, तब्बल ३७ वर्षांनी. या पदकाने गौरवलेल्या कृष्णवर्णीयांच्या पराक्रमांत त्यांचा सर्वांत आधीचा. पदक मात्र इतर काहींच्या हाती आधी पडले.

युद्धानंतर : न्यू बेडफर्डमध्ये पोस्टमन, ३० वर्षांहून अधिक काळ.